दमसासाची कसोटी : माउंटन बाइकच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीची पूर्वतयारी

माउंटन बाइकच्या पहिल्या गाजलेल्या शर्यतीला नाव मिळाले ते ग्रीसवरून. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात १९७६ च्या ऑक्टोबर महिन्यात काही तरुणांनी जाडजूड टायरच्या जुन्यापुराण्या सायकली डोंगरावरून खाली पिटाळण्याची शर्यत लावली. त्या सायकलींना मागच्या चाकाच्या हबमध्येच बसवलेला, पेडल उलटे दाबून लावायचा ब्रेक असे. उतार संपेपर्यंत तो इतका तापे, की हबमधील ग्रीसचा धूर होऊन जाई आणि पुढच्या खेपेआधी हब उघडून त्यात नवे ग्रीस भरावे लागे. या पुन्हा भरण्याला इंग्रजीत जो शब्द आहे तोच, म्हणजे 'रीपॅक', त्या शर्यतीचे नाव झाला. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही त्या टोळक्यातील मंडळी पुढे या सायकलीची आद्य कारागीर आणि प्रचारक ठरली. १९९६ साली अटलांटा ऑलिम्पिकमध्ये माउंटन बाइकिंगचा समावेशही झाला.

ब्रेक आता तेलाच्या दाबावर चालतात, साखळीला मागे बारा दाते-चकत्या असतात, टायरमध्ये ट्यूब नसते. तरीही रीपॅकचा धडा जुना झालेला नाही. डोंगरातल्या शर्यतीत स्वार आणि सायकल या दोघांचीही झीज बरोबरीने होत असते आणि ज्याची डागडुजी आधी झालेली नसते ते आधी कोलमडते. लांब पल्ल्याच्या शर्यतीतून बाहेर पडणाऱ्यांची कारणे पाहिली, तर ताकद कमी पडली असे क्वचितच आढळते. पोट बिघडले, गुडघा धरला, बैठक सोलवटली, गिअरचा एक लहानसा तुकडा वाकला, अशीच ती असतात. म्हणूनच या शर्यतीची तयारी हा व्यायामाइतकाच व्यवस्थेचा विषय आहे.

शर्यती कोणत्या, कशा

या प्रकारातील सर्वांत प्रतिष्ठेची मानली जाणारी शर्यत म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील 'केप एपिक'. २००४ साली सुरू झालेली ही शर्यत वेस्टर्न केप प्रांतात मार्च महिन्यात आठ दिवस चालते. सहाशे ते सातशे किलोमीटरचे अंतर आणि एकूण १५ हजार मीटरच्या आसपास चढ, असे तिचे साधारण स्वरूप असते. स्पर्धक जोडीने उतरतात आणि दोघांनी वाटेत एकमेकांपासून दोन मिनिटांपेक्षा अधिक दूर जायचे नाही, असा नियम आहे. त्यामुळे जोडीदार निवडणे हाच तयारीचा पहिला भाग होऊन बसतो. बळकट पण उतावळ्या मित्रापेक्षा आपल्याच चालीचा, न चिडणारा जोडीदार तिथे अधिक उपयोगी पडतो.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात 'लेडव्हिल ट्रेल १००' ही १९९४ पासूनची शर्यत एका दिवसाची आहे. लेडव्हिल हे खाणकामगारांचे गाव. जवळची मोठी खाण १९८२ साली बंद पडल्यावर गाव सावरावे म्हणून तेथे आधी शंभर मैलांची धावण्याची आणि नंतर सायकलची शर्यत सुरू झाली. प्रारंभाची जागाच समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० मीटर उंचीवर आहे आणि वळण घेण्याचे ठिकाण जवळजवळ ३,८०० मीटरवर. तिसरा प्रकार चोवीस तासांच्या फेऱ्यांचा. १९९२ साली अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियात त्याची सुरुवात झाली. आपल्याकडे २००५ पासून हिमाचल प्रदेशात सुरू झालेल्या 'एमटीबी हिमालय' या अनेक दिवसांच्या शर्यतीने भारतीय स्वारांना या खेळाची ओळख करून दिली.

महाराष्ट्राचे नाव दमसासाच्या सायकलिंगमध्ये झाले ते मुख्यतः डांबरी रस्त्यावर. नाशिकचे महेंद्र आणि हितेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ साली 'रेस अॅक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघात पूर्ण केली, तर नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ती एकट्याने पूर्ण केली. रस्त्यावरचा दम डोंगरात कामी येतो खरा. पण दगडधोंड्यांतून सायकल हाकताना खांदे, मनगटे आणि कंबर यांच्यावर जो भार येतो, त्याची सवय रस्त्यावर होत नाही. चांगले रस्तास्वारही पहिल्याच डोंगरी शर्यतीत पायांआधी हातांनी हार मानतात, त्याचे कारण हेच.

आधी हिशेब

शर्यतीचे नाव नोंदवल्यावर पहिले काम सायकल घेण्याचे नव्हे, मार्ग वाचण्याचे आहे. एकूण अंतरापेक्षा एकूण चढ, सर्वांत उंच ठिकाण, पाणी मिळण्याची ठिकाणे आणि वेळेची मर्यादा या चार गोष्टींवर सारी आखणी अवलंबून असते. लेडव्हिलचेच उदाहरण घेता येईल. शंभर मैल म्हणजे १६१ किलोमीटर आणि मुदत बारा तास. साध्या भागाकाराने ताशी १३.४ किलोमीटरचा वेग निघतो. तो सोपा वाटतो. परंतु वाटेत पाच ठिकाणी प्रत्येकी दहा मिनिटे थांबले, तर ५० मिनिटे गेली आणि हवा तो वेग ताशी १४.४ झाला. चढावर चालत सायकल ढकलावी लागली, तर तो आणखी वाढतो. म्हणजे थांब्यावरची पाच मिनिटे वाचवणे हे तीन महिने घाम गाळून वेग अर्ध्या किलोमीटरने वाढवण्याइतकेच मोलाचे असते. बाटली भरणे, खाणे खिशात कोंबणे, साखळीला तेल देणे, हे सगळे ठरलेल्या क्रमाने करण्याचाही सराव करावा लागतो. नवखे स्पर्धक याकडे हमखास दुर्लक्ष करतात.

डॉक्टरांची पायरी

पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्या, बैठे काम करणाऱ्या, घरात हृदयविकार किंवा मधुमेहाचा इतिहास असलेल्या व्यक्तीने सराव सुरू करण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घेणे आवश्यक आहे. रक्तदाब, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन, हृदयाचा आलेख आणि डॉक्टरांना गरज वाटल्यास स्ट्रेस टेस्ट. या तपासण्यांचा खर्च चांगल्या टायरच्या जोडीएवढाही होत नाही. तरीही लाखभराची कार्बन फ्रेम घेणारे या पायरीवर थबकतात, हे आश्चर्यच म्हणायचे. हिमोग्लोबिन कमी असेल, तर उत्तम सायकलही चढावर उपयोगाची नाही.

सरावाच्या काळात ताप आला, तर सायकल भिंतीला टेकवून ठेवावी. विषाणूजन्य तापात जोरकस व्यायाम केल्यास हृदयाच्या स्नायूला सूज असण्याचा धोका वाढतो आणि त्यातून जिवावर बेतू शकते. छातीत दुखणे, व्यायाम करताना भोवळ येणे, धडधड थांबेनाशी होणे ही थकव्याची लक्षणे समजू नयेत.

सराव : बहुतेक वेळ सावकाश

दोन-तीन तास सहज सायकल चालवणाऱ्या व्यक्तीला एकदिवसीय लांब शर्यतीसाठी चार ते पाच महिने हाताशी हवेत. या काळातील सर्वांत कठीण शिस्त वेगाची नाही, सावकाशीची आहे. स्टीफन सायलर या क्रीडाशास्त्रज्ञांनी जागतिक दर्जाच्या दमसासाच्या खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास केला, तेव्हा त्यांची सुमारे ८० टक्के सत्रे हलक्या जोराची आणि फक्त २० टक्के कठोर असल्याचे आढळले. हौशी स्वार नेमके उलटे करतो. तो रोजच मध्यम दमछाक करून घेतो. त्यामुळे सावकाश चालवण्याचा पाया पक्का होत नाही आणि कठोर दिवशी अंगात जोर उरत नाही. हलका जोर ओळखण्यासाठी यंत्र लागत नाही. शेजारच्या स्वाराशी पूर्ण वाक्यात बोलता आले, की जोर योग्य. शब्दागणिक धाप लागू लागली, की तो ओलांडला.

नोकरी सांभाळणाऱ्याचा आठवडा साधारण असा बसतो : दोन दिवस पहाटे तासभर हलके सायकलिंग, एक दिवस चढाचे कठोर सत्र, एक दिवस पोट, पाठ आणि खांद्यांचे व्यायाम, शनिवार किंवा रविवारी लांब फेरी, आणि किमान एक दिवस पूर्ण विश्रांती. लांब फेरी तीन तासांपासून सुरू करून दर आठवड्याला अर्ध्या तासाने वाढवावी, तीन आठवडे चढत नेऊन चौथ्या आठवड्यात भार निम्म्यावर आणावा. अनेक दिवसांची शर्यत असेल, तर शनिवार-रविवार सलग लांब फेऱ्या काढणे अनिवार्य ठरते. रविवारी सकाळी जड पायांनी पुन्हा सीटवर बसणे, हीच त्या शर्यतीची खरी रंगीत तालीम.

चढाच्या सरावासाठी पुणेकरांना सिंहगड आहे. पायथ्यापासून सुमारे नऊ किलोमीटरचा घाट पहाटे, मोटारींची गर्दी होण्याआधी चढावा. मुंबईकरांना असा घाट दाराशी नाही. त्यांनी मिळेल तो लहान चढ दहा-दहा वेळा चढला तरी काम होते. कंटाळा येतो, पण कंटाळ्याची सवय होणे हाही सरावच. मात्र डांबरावरचा चढ पुरेसा नाही. आठवड्यातून एकदा तरी कच्च्या वाटेवर, सुट्या दगडांवर, मुरुमावर सायकल नेलीच पाहिजे. उतारावर सीटवरून उठून पेडल समांतर ठेवणे, कोपर सैल सोडणे, नजर चाकापुढच्या दगडावर न ठेवता दहा-पंधरा मीटर पुढे ठेवणे, पुढचा ब्रेक एका बोटाने हळुवार दाबणे, या गोष्टी वाचून येत नाहीत. उतारावर ज्याचे हात आखडतात, तो चढावर कमावलेला वेळ तर गमावतोच, शिवाय तीन तासांत दमूनही जातो.

ऋतूचाही विचार करावा लागतो. लेडव्हिलची शर्यत ऑगस्टमध्ये असते. म्हणजे महाराष्ट्रातील स्वाराचा ऐन सराव जून-जुलैच्या पावसात येतो. अशा वेळी घरात सायकल स्टँडवर चढवून सराव करणे हा शहाणपणाचा मार्ग. उलट केप एपिक मार्चमध्ये असल्याने डिसेंबर-जानेवारीच्या थंड पहाटे केलेला सराव तेथील उन्हाला पुरत नाही. उष्णतेशी शरीर जुळवून घ्यायला दहा ते चौदा दिवस लागतात. शर्यतीपूर्वीच्या पंधरवड्यात काही सत्रे मुद्दाम दुपारकडे सरकवावीत. मात्र जोर कमी ठेवून आणि एकट्याने नव्हे.

उंचीचे गणित

या बाबतीत सह्याद्री मदतीला येत नाही. राज्यातील सर्वोच्च शिखर असलेल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. शिमला शहरच सुमारे २,२०० मीटरवर वसलेले आहे. सुमारे २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो आणि तो तंदुरुस्त माणसालाही होतो. किंबहुना तंदुरुस्त माणूस पहिल्याच दिवशी जोर लावतो, म्हणून त्याला तो लवकर गाठतो. उंचावरील शर्यतीसाठी शक्य तितके दिवस आधी पोहोचावे. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, असा गिर्यारोहण-वैद्यकातील सर्वमान्य नियम आहे. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही प्राथमिक लक्षणे. तोल जाऊ लागला, बसल्या जागी धाप लागू लागली किंवा बोलण्यात गोंधळ होऊ लागला, तर तातडीने खाली उतरणे हाच उपाय; तेथे शर्यतीचा विचार करण्याचे कारणच नाही.

पोट आणि पाणी

शरीरात स्नायू आणि यकृत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन साठवलेले असते. त्यातून दोन हजार कॅलरींच्या आसपास ऊर्जा मिळते. दहा तासांच्या डोंगरी शर्यतीत खर्च होतात पाच हजारांहून अधिक. चरबीतून काही भाग भरून निघतो, पण ती सावकाश जळते. चढावर लागणारी ऊर्जा कर्बोदकांतूनच यावी लागते. साठा संपला की पाय अक्षरशः थांबतात, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि नंतर कितीही खाल्ले तरी तासभर तरी गाडी रुळावर येत नाही. म्हणून पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच खायला सुरुवात करावी आणि दर तासाला ६० ग्रॅम, सवय असल्यास ९० ग्रॅमपर्यंत कर्बोदके पोटात जातील असे पाहावे. भुकेची वाट पाहू नये.

साठ ग्रॅम म्हणजे किती? मध्यम केळ्यातून साधारण २५ ग्रॅम मिळतात, चार-पाच लहान खजुरांतून तेवढेच. म्हणजे तासाला एक केळे, चार-पाच खजूर आणि साखर घातलेले थोडे सरबत, इतके खावे लागते. वाचायला हे किरकोळ वाटते. पण सलग आठ तास, हलत्या सायकलवर, धूळ खात ते गिळणे हे कौशल्य आहे. विदेशी जेलची पाकिटे सोयीची असतात यात वाद नाही. तथापि मीठ लावलेले उकडलेले बटाटे, गूळ-तुपाची पोळीची सुरळी, दशमी, चिक्की, राजगिऱ्याची वडी यांनीही काम भागते आणि चार तासांनंतर गोडाची शिसारी आली, की खारट बटाट्याइतके दुसरे काही गोड लागत नाही. तेलकट, तिखट आणि फार तंतुमय पदार्थ मात्र शर्यतीच्या आदल्या दिवसापासूनच टाळावेत. जे खायचे ते सरावाच्या लांब फेऱ्यांत खाऊन पाहिलेले असले पाहिजे. आयोजकांच्या टेबलावर मांडलेला अनोळखी पदार्थ मोहात पाडतो आणि पुढच्या उतारावर पोटात मुरडा येतो.

पाण्याविषयी दोन टोकाचे गैरसमज आहेत. एक, तहान लागल्याशिवाय पिऊ नये. दुसरा, जितके प्यावे तितके चांगले. दुसरा अधिक घातक. बोस्टन मॅरेथॉनमध्ये २००२ साली तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियमचे प्रमाण सामान्य पातळीच्या खाली घसरले होते, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. धावताना ज्यांचे वजन वाढले होते, म्हणजे घामापेक्षा अधिक पाणी प्यायले गेले होते, त्यांना हा धोका जास्त होता. डोकेदुखी, मळमळ, बोटे सुजणे, गोंधळलेपणा ही त्याची लक्षणे. ती पाणी कमी पडल्याच्या लक्षणांसारखीच असल्याने सोबती आणखी पाणी पाजतात आणि प्रकरण चिघळते.

आपल्या घामाचा अंदाज घरीच घेता येतो. तासभर सायकल चालवण्याआधी आणि नंतर, घाम पुसून वजन करावे. घट अधिक प्यायलेले पाणी म्हणजे तासाचा घाम. बहुतेकांना तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी पुरते, कडक उन्हात अधिक लागते. त्यात मीठ हवे. औषधाच्या दुकानातील ओआरएसची पुडी मिठासाठी उत्तम. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार तिच्या एक लिटर द्रावणात ग्लुकोज असते अवघे साडेतेरा ग्रॅम. केवळ ओआरएसवर शर्यत निघेल ही समजूत म्हणूनच चुकीची आहे.

आणखी एक इशारा वेदनाशामक गोळ्यांचा. गुडघा दुखतो म्हणून शर्यतीआधी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेण्याची प्रथा वाढली आहे. शरीरातील पाणी कमी झालेले असताना या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. दुखऱ्या गुडघ्यावर गोळी घेऊन शंभर मैल जाण्यापेक्षा गुडघा का दुखतो हे आधी शोधावे. बरेचदा दोष सायकलच्या बैठकीत असतो.

सायकल : आधी मापात, मग मोलात

गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागच्या बाजूला दुखत असेल तर बहुधा वर. सीटच्या उंचीचा प्राथमिक ठोकताळा असा : अनवाणी उभे राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे आणि त्याला ०.८८३ ने गुणावे. ८० सेंटिमीटर असेल, तर पेडलचे दोन्ही दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची सुमारे ७०.६ सेंटिमीटर येते. हा आरंभबिंदू आहे, अंतिम निर्णय नव्हे. जाणकाराकडून बैठक बसवून घेणे केव्हाही चांगले. एकदा माप जमले, की सीटच्या नळीवर टेपची खूण करून ठेवावी. शर्यतीच्या महिन्याभरात सीट, हँडल, बूट यांपैकी काहीही बदलू नये.

दुकानातील चर्चा फ्रेमच्या वजनावर चालते, शर्यत मात्र टायरवर चालते. डोंगरी शर्यतीसाठी ट्यूबलेस टायरच घ्यावेत. त्यात घातलेले द्रवरूप सीलंट काट्याचे भोक आपोआप बुजवते. बाभळीच्या काट्यांच्या प्रदेशात सराव करणाऱ्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. आपल्या हवेत सीलंट दोन-तीन महिन्यांत वाळते, म्हणून शर्यतीच्या आठवडाभर आधी ताजे भरावे. हवा किती, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. पंक्चरच्या दुकानात टायर दगडासारखा टणक होईपर्यंत हवा मारण्याची पद्धत आहे. ७० किलोच्या आसपास वजनाच्या स्वाराला सव्वादोन-अडीच इंची ट्यूबलेस टायरमध्ये २० ते २४ पीएसआय पुरतात, पुढे मागच्यापेक्षा किंचित कमी. हवा जास्त असेल, तर चाक दगडावरून उडते, पकड सुटते आणि प्रत्येक धक्का मनगटात येतो. फारच कमी असेल, तर रिम दगडावर आपटते. स्वतःचा छोटा हवा-मापक जवळ ठेवावा. अंगठ्याने दाबून केलेला अंदाज इथे चालत नाही.

साखळी झिजते म्हणजे तिच्या कड्यांमधील अंतर वाढते. मोजपट्टीने ही झीज पाहता येते. अकरा किंवा बारा गिअरच्या साखळीत अर्धा टक्का, त्याहून कमी गिअरच्या साखळीत पाऊण टक्का वाढ झाली, की ती बदलावी. नाहीतर मागच्या चकत्याही झिजतात आणि खर्च कित्येक पटीने वाढतो. पण नवी साखळी शर्यतीच्या सकाळी चढवू नये. दोन-तीन आठवडे आधी बसवून तिच्यावर काही लांब फेऱ्या झालेल्या असाव्यात. घरात हाताशी असते म्हणून शिवणयंत्राचे तेल घालणारे पुष्कळ. ते पातळ असल्याने पहिल्या ओढ्यात धुऊन जाते. चिखलपाण्यासाठी जाडसर आणि धुळीसाठी कोरडे राहणारे, अशी सायकलच्या साखळीची दोन वेगळी तेले मिळतात. ते कडीकडीला थेंबभर घालून वरचे फडक्याने पुसून काढावे. वरून चकाकणारी साखळी धूळ गोळा करते.

ब्रेकच्या बाबतीत तडजोड नको. डिस्क ब्रेकचे पॅड ओल्या चिखलात एका दिवसात संपल्याची उदाहरणे या खेळात नवी नाहीत. चिखलाच्या शर्यतीसाठी धातूमिश्रित पॅड टिकाऊ. मात्र काही डिस्क केवळ रेझिनच्या पॅडसाठीच बनवलेल्या असतात आणि तसे त्यांच्यावर कोरलेले असते, ते पाहूनच निवड करावी. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन वीसेक वेळा ब्रेक दाबून ते मुरवावे लागतात, त्याशिवाय पूर्ण पकड येत नाही. लिव्हर दाबल्यावर पिळपिळीत लागत असेल, तर आत हवा शिरली आहे. ती मिस्त्रीकडून काढून घ्यावी. काही ब्रेकमध्ये डॉट द्रव असतो, काहींत मिनरल ऑइल. एकाच्या जागी दुसरे घातले, की आतील रबर फुगून ब्रेक निकामी होतो. नेहमीच्या सायकलवाल्याला हे माहीत असेलच असे गृहीत धरू नये.

पुढचा शॉकअप स्वाराच्या वजनाप्रमाणे लावावा. पाठीवरच्या पाण्यासह सायकलवर बसल्यावर तो आपल्या एकूण हालचालीच्या २० ते २५ टक्के दबला पाहिजे. चाकांचा आउट काढून घ्यावा, ताऱ्यांचा ताण एकसारखा आहे ना ते पाहावे. हँडल आणि सीटचे बोल्ट टॉर्कच्या पान्याने, त्यांच्यावर लिहिलेल्या मापानेच आवळावेत. कार्बनच्या नळ्या जास्त आवळल्याने तडकतात. चिखलाची सायकल मोटारसायकलच्या वॉशिंग सेंटरवर नेऊन जोरदार फवाऱ्याखाली धरणे सोयीचे वाटते खरे, पण त्या दाबाने पाणी बेअरिंगमध्ये शिरते आणि ग्रीस बाहेर येते. बादली, ब्रश आणि साबणाचे पाणी पुरे.

ही सर्व कामे शर्यतीच्या दोन आठवडे आधी संपवून त्यानंतर किमान दोन लांब फेऱ्या त्याच सायकलवर कराव्यात. आदल्या रात्री सर्व्हिसिंग करून आणलेली सायकल ही अनोळखी सायकल असते.

सोबत काय

सुटी ट्यूब, टायरला भोक पडल्यास खुपसायच्या रबरी वाती, टायर काढायचे दोन चमचे, छोटा पंप, साखळी तोडायच्या सोयीसह घडीचा पाना, साखळी जोडण्याची दोन तयार कडी, प्लास्टिकच्या पट्ट्या आणि थोडी चिकटपट्टी एवढा ऐवज सीटखालच्या पिशवीत मावतो. यादीतला सर्वांत लहान आणि सर्वांत विसरला जाणारा तुकडा म्हणजे मागच्या गिअरचा हँगर. सायकल पडली, की फ्रेम वाचावी म्हणून हा मऊ धातूचा तुकडा आधी वाकतो. प्रत्येक फ्रेमचा हँगर निराळा असतो. शिमल्यात काय, पुण्यातही तो तत्काळ मिळेल याची शाश्वती नाही. सायकल विकत घेतानाच दोन जादा मागून घ्यावेत. हे सारे सामान वापरता येणे मात्र गृहीत आहे. घरच्या अंगणात, पावसात, हात चिखलाने माखलेले असताना ट्यूब बदलून पाहावी.

पॅड लावलेली सायकलिंगची तुमान आतल्या कपड्यांशिवाय घालायची असते, हे संकोचापोटी कोणी सांगत नाही आणि नवखा स्वार दोन दिवसांत सोलवटून निघतो. अनेक दिवसांच्या शर्यतीत रोज धुतलेली तुमान, घर्षण टाळणारे क्रीम आणि मुक्कामी पोहोचताच आंघोळ, या तीन गोष्टी औषधापेक्षा श्रेष्ठ ठरतात.

सायकल विमानाने न्यायची असल्यास खोक्यात भरताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे ध्यानात ठेवावे. चाके काढल्यावर ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याचा किंवा प्लास्टिकचा तुकडा अडकवावा. प्रवासात लिव्हर दाबला गेल्यास पॅड एकमेकांना चिकटून बसतात. झटपट हवा भरण्याच्या गॅसच्या नळकांड्यांवर विमानात निर्बंध असतात, त्या तिथे पोहोचून घ्याव्यात. बूट, हेल्मेट आणि पेडल मात्र हातातल्या पिशवीत असावेत. सायकल हरवली तर भाड्याने मिळू शकते, पायाला सरावलेले बूट मिळत नाहीत.

शेवटचा पंधरवडा आणि शर्यत

शेवटचे दहा-चौदा दिवस सराव निम्म्याने कमी करावा. या दिवसांत पाय जड वाटणे, नाहक धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. राहून गेलेला सराव भरून काढण्याचा मोह याच वेळी होतो आणि तो नेमका नुकसान करतो. आदल्या रात्री झोप आली नाही तरी बिघडत नाही, त्याच्या आधीच्या तीन-चार रात्री झोप झालेली असली म्हणजे पुरे.

शर्यत सुरू होताच सगळा जमाव उधळल्यासारखा निघतो. पहिला तास सरावातल्या हलक्या जोरानेच काढावा. पुढे जाणाऱ्यांपैकी बरेच जण दुपारच्या चढावर सायकल ढकलताना पुन्हा भेटतात. कठीण चढावर चालणे लाजिरवाणे नाही. ताशी पाच किलोमीटरने डुगडुगत पेडल मारण्यापेक्षा उतरून चालणे कधीकधी स्वस्त पडते. माघार कधी घ्यायची हे मात्र घरूनच ठरवून निघावे, कारण दमलेला मेंदू त्या क्षणी योग्य निर्णय देत नाही. डोक्याला मार लागला, उन्हात घाम येणे थांबले, थंडी वाजू लागली, उलट्यांमुळे पाणीही ठरेना, ब्रेक धरेना, यांपैकी काहीही झाल्यास पुढच्या चौकीवर नंबर उतरवून द्यावा. नाव नोंदणीचे पैसे बुडतात. पण शर्यत पुढच्या वर्षीही असते.

शर्यतीनंतर दोन दिवस लघवीच्या रंगावर लक्ष ठेवावे. ती चहासारखी गडद झाली किंवा फारच कमी होऊ लागली, तर स्नायू मोडून त्याचा भार मूत्रपिंडांवर येत असल्याचे ते चिन्ह असू शकते. थेट रुग्णालय गाठावे. आठवडाभर सायकलवर चढू नये, चढलेच तर दूध आणायला. सायकल मात्र त्याच संध्याकाळी धुऊन, साखळी पुसून, ब्रेकचे पॅड काढून पाहावे. बेअरिंगमध्ये शिरलेले पाणी रविवारची वाट पाहत नाही.